ताणावर सोडलेले हेझलनट

माझ्या नवऱ्याला संत्र्याच्या झाडाला ताण देता येतो, हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. ताण देणं म्हणजे झाडाचं पाणी तोडणं. पाणी तोडलं की झाड घाबरतं, पानं मलूल होतात, आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की मरता मरता वाचलेलं झाड अंगभर फुलतं. तो नेमका दिवस कोणता, हे चांदूर बाजारच्या आसपासच्या गावांत त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. एक पान तोडतो, बोटांत गुंडाळून बघतो आणि सांगतो, अजून चार दिवस. लोक त्याला मोटारसायकलवर बसवून आपल्या बागेत नेतात, चहा पाजतात, मान डोलावतात. माणसाला आयुष्यात एकच गोष्ट येत असली आणि तिचंही असं कौतुक व्हायला लागलं, की तो माणूस वाया जातो. माझा गेला.

मुलीचा साखरपुडा पुण्याला झाला. व्याही निवृत्त इंजिनिअर. समोरच्याला काहीच माहीत नाही असं धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. जेवणानंतर त्यांनी चॉकलेटचा डबा फिरवला आणि ते तोंडात टाकायच्या आधीच आम्हाला समजावून सांगितलं, की आत जो गोल दाणा लागतो त्याला हेझलनट म्हणतात, तो भाजून, साल काढून घालतात आणि त्याचं झाड थंड मुलखात होतं. पुढे म्हणाले, "तुमच्याकडे नाही हो मिळणार हे. तुमच्याकडे काय, कापूस आणि ऊन."

सगळे हसले. आमचे गृहस्थ हसले नाहीत.

"काहून नाई होनार?" ते म्हणाले. "झाड ते झाड. माह्या बागेत लावतो. पाच वर्षांत तुमाले टोपलीभर पाठवतो, पाहुने."

चॉकलेट माझ्या टाळूला चिकटलं होतं, नाहीतर मी तिथेच अडवलं असतं. व्याह्यांनी टाळी दिली, यांनी ती घेतली. दोन शहाणे भेटले की तिसऱ्याने गप्प बसावं, म्हणून मी दुसरं चॉकलेट घेतलं.

खरं तर त्या दाण्याबद्दल त्या खोलीत मलाच सगळ्यात जास्त बोलता आलं असतं. कवच फोडून आतला गर अखंड काढायचा, या कामातच माझा जन्म गेला असता. माझी आई पातूरला बिबे फोडून आतली गोडंबी काढायची. पाटीभर वाळलेले बिबे पुढे घेऊन बसायचं, बोटांना राख माखायची, दगडावर एकेक बिबा कडेवर धरायचा आणि लोखंडाच्या ठोकणीने एकच ठोका द्यायचा. ठोका कमी पडला तर फुटत नाही, जास्त पडला तर गोडंबीचा चुरा होतो आणि बिब्याचं काळं तेल तोंडावर उडतं. जिथे उडतं तिथे कातडी जळते. आईच्या हातांची कातडी कोपरापर्यंत डागाडागांची होती आणि डाव्या गालावर एक डाग होता. ती गोडंबी मग साफ होऊन शहरात जायची आणि शहरातल्या बायका ती बाळंतिणीच्या लाडवात घालायच्या. गोडंबी झाडाला अशीच पांढरीशुभ्र लागते आणि आपोआप डब्यात पडते, असा त्यांचा समज असतो. त्या समजाला मी आयुष्यभर हसत आले, आणि तो कधी दूरही केला नाही.

कारण मी खोटं बोलले होते. डी.एड. झाले, शाळेत लागले आणि नोकरीवाली मुलगी म्हणून या संत्रेवाल्यांच्या घरात आले. पहिल्याच हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, माहेरी काय असतं? मी म्हटलं, शेती. कुणी मला तसं सांगायला लावलं नव्हतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं, मुलगी बघायला आला तेव्हा पदराखाली हात झाकून आईनेच त्याला पोह्यांची बशी दिली होती. त्याने माझं खोटं ऐकलं, आणि त्यानंतर तीस वर्षांत त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तो मुळात फार लक्ष देत नाही म्हणून काढला नसेल, असं मी समजून घेतलं.

मुलगी झाल्यावर ते खोटं वाढलं. आजीचे हात असे का, तर चुलीवर भाजले. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. बिब्याचं तेल धुऊन जात नाही. कितीही चिंच लावा, खोबरेल लावा, कातडीच्या भेगांत ते राहतंच, आणि तान्ह्या पोराच्या अंगाला लागलं की बिबा उततो, अंग फोडांनी भरून जातं. म्हणून आई नातीला कधी मांडीवर घेत नसे. पोर धावत गेली की ती उठून उभी राहायची, हात पाठीमागे घ्यायची. माझ्या मुलीने यातून एकच अर्थ काढला, की आजीला आपण आवडत नाही. दहा वर्षांची असताना तिने मला तसं विचारलं. लग्न ठरलं तेव्हा पुन्हा म्हणाली. लग्नानंतरच्या वर्षी आई गेली तेव्हा पुण्याहून आली, कोरड्या डोळ्यांनी बसली आणि संध्याकाळी परत गेली. एका वाक्यात मी हे मिटवू शकले असते. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांसाठी फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" असं लिहीत होते, माझं अक्षरही फार सुंदर आहे.

असो. हेझलनटकडे येते.

लग्न आटोपल्यावर महिन्याभरात हिमाचलातल्या कुठल्याशा नर्सरीतून वीस रोपं आली. ओल्या शेवाळात गुंडाळलेली, बोटाएवढी, थरथरणारी. विहिरीजवळ डिंक्या रोगाने संत्र्याची झाडं गेली होती, तिथे रिकामी जागा होती. माझ्या नवऱ्याने तिथे खड्डे खणले, शेणखत घातलं, वर हिरवी जाळी बांधली आणि गावातल्या लोकांना बोलावून दाखवलं. "चिखलदऱ्याले कॉफी होते न?" हे म्हणाले. "मंग इथं हे काहून नाई?" चिखलदरा डोंगरावर आहे आणि आपण खाली कढईत आहोत, एवढा फरक लोकांच्याही लक्षात आला नाही. सगळे म्हणाले, हो बाप्पा, होईन.

या झाडाला हिवाळ्यात कडक थंडी लागते, असं मी मोबाइलवर वाचलं आणि जेवताना बोलून गेले. ती माझी चूक. दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आल्या. डिसेंबरभर दर दोन दिवसांनी हा मनुष्य कानाला मफलर बांधून झाडांच्या बुंध्याशी बर्फ फोडून टाकत होता. शेजारची माणसं बांधावर येऊन बघत, आणि कुणी हसत नसे, कारण ताण देणारा माणूस आहे, काहीतरी हिशेब असेल. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि मला फार बरं वाटायचं. हे मी लपवत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा मूर्ख आहे याचा पुरावा रोज सकाळी खिडकीत मिळणं, हे सुख थोड्या बायकांना मिळतं.

तरी झाडं जगली. वीसमधली चौदा जगली, गुडघ्याएवढी झाली, कमरेला आली. पानं मोठी, मऊ, कातरलेल्या कडांची. फूल मात्र नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही. पुण्याहून फोन आला की व्याही विचारायचे, "काय, आमचे हेझलनट कुठवर आले?" आणि यांचा चेहरा उतरायचा.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका सकाळी ते चहा पिता पिता म्हणाले, "मले समजलं काय झालं त. या झाडांचे लाड होऊन राहिले. रोज पानी, रोज सावली. त्याहिले फुलाची गरजच नाई वाटत."

"मग?"

"मंग काय. ताणावर सोडतो."

संत्र्याच्या मृग बहाराला आमच्याकडे उन्हाळ्यातच ताण देतात, पाऊस पडेपर्यंत. पण संत्र्याच्या पिढ्यान् पिढ्या या मातीत गेल्या आहेत. मी म्हटलं, "अहो, ते बर्फातलं झाड हाये. मरून जाईन."

"तू मधात बिब्बा नको घालू," ते म्हणाले.

हे आमच्याकडे सगळेच म्हणतात, त्यात काही खोच नव्हती. पण मला ती लागली, आणि मी ठरवलं, आता एक अक्षर बोलायचं नाही. बघतेच. यांनी जाळी काढली. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या. बुंध्याजवळची माती उकरून मुळ्या उन्हाला दाखवल्या. मे महिन्यातलं आमचं ऊन मी वेगळं सांगायला नको, आमच्याकडे दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. हे रोज जाऊन एक पान तोडायचे, बोटांत गुंडाळायचे आणि म्हणायचे, अजून चार दिवस. तिसऱ्या आठवड्यात पान गुंडाळलं तर त्याचा चुरा झाला. तेव्हा धावत जाऊन पाणी सोडलं. रात्रंदिवस सोडलं. मृग लागला, पाऊस आला, सगळ्या गावाची संत्री फुलली आणि आमच्या विहिरीजवळ चौदा काटक्या उभ्या राहिल्या. त्या मी पावसाळाभर चुलीत घातल्या. चांगल्या जळाल्या. हे बघायचे. मी दर वेळी लाकूड चुलीत सारताना जरा आवाज करायची.

पाचव्या वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली आणि बारशाला व्याही-विहीणबाई यायचे ठरले. आठ दिवस आधी हे अमरावतीला गेले आणि दुकानदाराला मागवायला लावून कवचासकट हेझलनट घेऊन आले. टोपलीभर. मी बघत होते. त्यांनी ते अंगणात गोणपाटावर ओतले, बागेतली ओंजळभर काळी माती आणली आणि एकेका फळाला चोळायला लागले. दुकानातून आणलेल्या फळाला शेताचा रंग द्यायला साठीचा माणूस उकिडवा बसला होता, जिभेचं टोक दातांत धरून, लक्ष देऊन.

"हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"पाहुन्याले शब्द देला हाये," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मला त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला किळस आली. एवढंसं खोटं आणि त्याला एवढी माती.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी पाहुणे आले. विहीणबाईंनी पिशवीतून पहिल्यांदा लाडवांचा डबा काढला आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "ह्यात गोडंबी घातलीय हं मी मुद्दाम. तुम्हाला माहीत असेल-नसेल, पण बाळंतिणीला फार चांगली. उष्ण असते, जपून द्या." मी म्हटलं, हो का? मुलीच्या लाडवांत मी बदाम घातले होते, डिंक घातला होता, खारीक घातली होती. गोडंबी नव्हती घातली. ती घरात आली की मला वास येतो, दुसऱ्या कुणाला येत नाही.

मग टोपली पुढे आली. यांनी हातोडी आणली, पहिलंच फळ मारलं, ते उडून तुळशीवृंदावनात पडलं. दुसऱ्याचा चेंदामेंदा झाला. व्याह्यांनी दोन फोडले, त्यातला एक स्वतःच्या अंगठ्यावर. मला बघवेना. काम वाईट होताना बघणं माझ्या हाडात नाही. मी हातोडी घेतली, ओट्यावर बसले आणि फोडायला लागले. उभं धरायचं, शिवणीवर ठोका. एक, एक, एक. दाणे अखंड, गोल, ताटात पडत होते. माझा हात माझ्याही आधी सुरू झाला होता. पंधरा वर्षांची असेपर्यंत मी आईशेजारी बसून हेच करत होते, आणि त्यानंतर चाळीस वर्षांत एकदाही नाही.

"अहो, किती सुरेख फोडता!" विहीणबाई म्हणाल्या, आणि मग, "पण ही राख कशाला?"

मी खाली बघितलं. बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तापवायची चूल शेजारीच होती आणि माझी बोटं पेरांपर्यंत राखेने माखलेली होती. केव्हा बुडवली, मला कळलं नव्हतं. हेझलनटच्या कवचात तेल नाही, काही जळत नाही, राखेचं काहीही काम नव्हतं.

"घसरू नये म्हणून," मी म्हणाले.

"कुठे शिकलात हो?"

नवरा खांबाला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"मोबाइलवर," मी म्हणाले. "मोबाइलवर सगळं असतं."

मग मी दाणे कढईत मंद आचेवर भाजले, साल तडकल्यावर जाड पंच्यात बांधून चोळले, साल निघून गेली, आतून पिवळसर दाणे आले. व्याह्यांनी चार दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात जमिनीचा गुण. काळ्या मातीचा वास येतोय. चला, झाडं दाखवा, फोटो काढतो."

आता, मी मनात म्हटलं. पाच वर्षं मी या क्षणासाठी खिडकीत उभी होते.

"झाडं नाईत, पाहुने," माझा नवरा म्हणाला. "मेली. मीच मारली, ताण देऊन. हे अमरावतीच्या दुकानातले हायेत. माती बी मीच लावली."

मग व्याही म्हणाले, "माती कशाला लावली?"

"बागेतले वाटाव म्हनून."

"मला वाटलं, जमिनीखालीच येत असतील," व्याही म्हणाले, "शेंगदाण्यासारखे. खरं सांगू का, मी झाड कधी पाहिलेलंच नाही."

आणि ते दोघं हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बर्फाचंही त्याने सांगून टाकलं, मफलरसकट. मग दोघं खांद्यावर हात टाकून संत्र्याच्या बागेकडे निघून गेले, आणि विहीणबाई उरलेले दाणे खात बसल्या. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. मला राग आला. जे एवढं सोपं असतं ते एवढं सोपं आहे, हे त्याने मला दाखवायला नको होतं.

मी गोडंबीच्या लाडवांचा डबा घेऊन मुलीच्या खोलीत गेले. तिने खिडकीतून सगळं ऐकलं होतं, हसून हसून तिच्या टाक्यांना ओढ बसत होती. "बाबा पण ना," ती म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. त्याचं दुपटं सारखं करत ती म्हणाली, "आई, आजी असती तर हिला तरी मांडीवर घेतलं असतं का गं?"

"नसतं घेतलं," मी म्हणाले. आणि मग सांगितलं. दगड, ठोकणी, राख, तेल. आजीचे हात चुलीवर भाजले नव्हते, हे सांगितलं. तुला ती घेत नव्हती, कारण तुझ्या अंगावर फोड आले असते. तू निजलीस की उंबऱ्यात बसून तुला बघायची, जवळ यायची नाही. मी हे सगळं फळ्यासमोर उभी राहून सांगावं तसं, वाक्य तोडून तोडून सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते जमलं नसतं.

मुलगी रडली. मला वाटलं, झालं. इतकंच होतं. नवऱ्यासारखंच माझंही झालं, आता पदराने डोळे पुसायचे आणि बारशाच्या घुगऱ्या भिजत घालायच्या.

तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पण मी लहान होते तेव्हा तर तू नोकरीत होतीस. मग तू तिला ते काम सोडायला का नाही सांगितलंस?"

ती ऐकायची नाही, असं सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं, तोंडाशी आलं होतं, आणि खरंही वाटलं असतं, म्हातारी माणसं ऐकत नाहीतच. पण आईला काम सोड असं मी कधी म्हटलंच नव्हतं. आम्ही येतो त्या दिवशी बिब्यांचं पोतं शेजारच्या घरी ठेवत जा, एवढंच म्हटलं होतं, आणि ती ठेवायची.